ढगाखालची छायाचित्रे

६ ऑगस्ट १९४५. सकाळचे अकरा वाजत आले होते. हिरोशिमाच्या मियुकी पुलाच्या पश्चिम टोकाशी बत्तीस वर्षांचे एक वृत्तछायाचित्रकार हातात कॅमेरा धरून उभे होते. कॅमेरा मामिया सिक्स. दोन रोल, प्रत्येकी बारा, म्हणजे चोवीस फोटो काढण्याची सोय होती. योशितो मात्सुशिगे हे त्यांचे नाव, 'चुगोकु शिम्बुन' या स्थानिक दैनिकातली त्यांची नोकरी. आठ वाजून पंधरा मिनिटांनी अणुबॉम्ब फुटला तेव्हा ते स्फोटकेंद्रापासून पावणेतीन किलोमीटरवर आपल्या घरात होते. न्याहारी आटोपून कामावर निघायच्या तयारीत, कमरेवर उघडे. डोळ्यांसमोर मॅग्नेशियमचा दिवा पेटावा तसा पांढरा उजेड झाला आणि मागोमाग अंगात शेकडो सुया घुसल्यासारखा हवेचा तडाखा बसला, असे त्यांनी नंतर सांगितले. पडझडीच्या ढिगातून त्यांनी कॅमेरा आणि कपडे उपसून काढले आणि कचेरीच्या दिशेने चालायला सुरुवात केली. समोरून आगीचे लोळ येत होते. वाट बंद झाली, म्हणून ते पुलाशी परतले.

पुलाजवळच्या पोलीस चौकीसमोर भाजलेली माणसे बसली होती. त्यांत शाळकरी मुले-मुली बरीच. एवढ्या सकाळी ही मुले रस्त्यावर का होती? जपानी शहरे लाकडाची. अमेरिकी विमानांच्या आगलावू बॉम्बनी टोकियोसह कितीतरी शहरे त्याआधी जाळून टाकली होती. हिरोशिमावरही तीच पाळी येणार या हिशेबाने घरे पाडून मोकळे पट्टे केले जात होते, म्हणजे आग एका वस्तीतून दुसरीत जाऊ नये. त्या कामाला बारा-तेरा वर्षांची मुले जुंपली होती. शाळेच्या वर्गात असायची ती मुले उघड्या आकाशाखाली कौले वाहून नेत असताना बॉम्ब फुटला. अशी सुमारे सहा हजार मुले मेली. पुलापर्यंत चालत आली ती त्यातल्या त्यात वाचलेली. त्यांच्या पाठीवर, दंडावर, तोंडावर फोड होते आणि फोड फुटून कातडी लोंबत होती. पायातले जोडे कुठेतरी राहिले होते, निखाऱ्यांवरून धावल्याने काहींचे तळवेही भाजले होते. औषध काहीच नव्हते. स्वयंपाकाचे तेल तेवढे होते, ते भाजल्या जागी लावले जात होते.

मात्सुशिगेंनी कॅमेरा डोळ्याला लावला, पण बटण दाबवेना. वीस मिनिटे ते तसेच घुटमळत राहिले. आपल्याला काचांचे थोडे ओरखडे काय ते आले आहेत आणि ही मुले समोर मरताहेत, असा विचार मनात होता. अखेर त्यांनी एक फोटो घेतला. मग चार-पाच मीटर पुढे सरकून दुसरा. दुसऱ्या वेळी आपल्याच डोळ्यांतल्या पाण्याने समोरचे धूसर झाले होते, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. सगळे आपल्याकडे रागाने पाहत आहेत, हा माणूस मदत करत नाही आणि फोटो काढतो असे म्हणत आहेत, असे त्यांना वाटत होते.

ते दोन फोटो आज नीट पाहिले तर एक गोष्ट लगेच जाणवते. त्यांत बहुतेक माणसे पाठमोरी आहेत. केस जळून ताठ झालेली मुलगी, तिच्या शाळेच्या गणवेशाची कॉलर, रस्त्यावर फतकल मारून बसलेली माणसे, वाकून तेल लावणारा कुणीतरी, आणि मागे सगळा धूर. कॅमेऱ्याकडे तोंड करून कुणी उभे नाही, की कुणी हात पसरून मदत मागत नाही. युद्धाच्या फोटोंत आपल्याला आक्रोश पाहायची सवय झालेली असते. इथे रांगेत थांबल्यासारखी एक चमत्कारिक शांतता आहे. फोटो काढणाऱ्याने ठेवलेले अंतरही त्यात दिसते. पुढे जाऊन चेहरे टिपणे त्यांना शक्य होते, त्यांनी ते केले नाही.

दुपारी ते शहराच्या मध्यभागात गेले. कामियाचो इथे, स्फोटकेंद्रापासून काही शे मीटरवर, एक जळालेली ट्राम उभी होती. पायरीवर पाय ठेवून त्यांनी आत डोकावले. पंधरा-सोळा माणसे एकमेकांवर पडलेली, मेलेली, अंगावर कपडे नसलेली. कॅमेऱ्याकडे हात गेला आणि थांबला. या लोकांचे असे रूप पुढच्यांनी पाहावे हे त्यांच्या मनाला पटेना. शिवाय प्रेतांचे फोटो छापायची वर्तमानपत्रांना मुभाही नव्हती. जवळजवळ तीन तास ते त्या भागात फिरले आणि तिथे एकही फोटो काढला नाही. दिवसभरात सात वेळा बटण दाबले गेले, त्यातले दोन फोटो वाया गेले, पाच उरले. दोन पुलाजवळचे. दोन त्यांच्या घरातले: एकात खिडकीतून दिसणारी पडझड, दुसऱ्यात घराला लागून असलेल्या केशकर्तनालयातली मोडतोड आवरणारी त्यांची पत्नी.

पाचवा फोटो मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो सहसा छापला जात नाही. वेळ संध्याकाळची. डोक्याला पट्टी बांधलेला एक पोलीस रस्त्यावर टेबल मांडून बसला आहे आणि आपद्ग्रस्त असल्याचे दाखले लिहून देतो आहे. तो दाखला दाखवला की शिधा मिळायचा. सकाळी शहर जळाले, संध्याकाळी त्याच शहरात एक जखमी माणूस कागदावर नावे लिहितो आहे. वाचलेल्या माणसाला रात्री काहीतरी खावे लागते आणि त्यासाठी कागद लागतो, हे या फोटोइतके ठळकपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

अंधारखोली उरली नव्हती. मात्सुशिगेंनी पुढे एका रात्री उघड्यावरच फिल्म धुतली, ओढ्याच्या पाण्यात खळबळली आणि झाडाच्या जळक्या फांदीला वाळत टाकली. त्या दिवशी शहराच्या आत माणसांचे असे जवळून काढलेले फोटो जवळजवळ हे एवढेच. सैन्यात छायाचित्रकार होते, मात्सुशिगेंच्या वर्तमानपत्रातही होते. मात्सुशिगे म्हणत, त्यांच्यापैकी कुणालाही हे जमले नाही, यावरूनच काय घडले त्याची कल्पना करावी.

त्याच वेळी आकाशातून मात्र फोटो घेतले जात होते. बॉम्ब टाकून परतणाऱ्या 'एनोला गे' विमानाच्या शेपटाकडच्या तोफेवर जॉर्ज कॅरन हा सैनिक होता. हातातल्या कॅमेऱ्याने त्याने उंच चढत जाणारा ढग टिपला. सोबतच्या एका विमानात खास वेगवान कॅमेरा बसवला होता, त्यातून हाती काही लागले नाही. कॅरनचा फोटो जगभर छापला गेला. तीन दिवसांनी नागासाकीवरच्या ढगाचा फोटो आला, तो तर आणखी प्रसिद्ध झाला. शालेय पुस्तकांपासून टपाल तिकिटांपर्यंत अणुबॉम्ब म्हणजे तो ढग, हे समीकरण तिथून रूढ झाले. ढग खालूनही टिपला गेला होता. तोशिओ फुकादा या सतरा वर्षांच्या मुलाने लष्करी शस्त्रागाराच्या खिडकीतून आपल्या छोट्या कॅमेऱ्याने चार फोटो काढले. त्यांत ढगाला आकार असा नाही. वर मान करून पाहणाऱ्यावर कोसळू पाहणारा तो एक फुगत जाणारा डोंगर आहे. हे फोटो वर्षानुवर्षे फारसे कुणाला माहीतच नव्हते. आपण अणुबॉम्बकडे कुठे उभे राहून पाहतो, हे कोणता फोटो आधी छापला गेला यावर ठरले. माझे म्हणणे मुख्यतः एवढेच आहे.

नागासाकीची गोष्ट वेगळी, कारण तिथे छायाचित्रकार हुकमावरून गेला. ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी उराकामी खोऱ्यावर बॉम्ब फुटला. विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा शहर होते. तिथे खालचे काही दिसेना म्हणून ते नागासाकीकडे वळले. हाकाता इथल्या लष्करी मुख्यालयातून त्याच दिवशी तिघांना रवाना करण्यात आले: छायाचित्रकार योसुके यामाहाता, लेखक जून हिगाशी आणि चित्रकार एइजी यामादा. शत्रूच्या क्रौर्याचा प्रचार करता येईल असे काहीतरी टिपून आणा, हा आदेश. यामाहाता अठ्ठावीस वर्षांचे. जन्म सिंगापूरचा, वडीलही छायाचित्र व्यवसायातले. चीन आणि आग्नेय आशियातले युद्ध त्यांनी कॅमेऱ्यातून पाहिले होते.

१० ऑगस्टच्या पहाटे तीनच्या सुमारास त्यांची गाडी मिचिनोओ स्थानकाला लागली. पुढे रूळच नव्हते. काळोखात, अजून धुमसत असलेल्या शहरातून ते दक्षिणेकडे चालत गेले, उजाडायची वाट पाहिली, आणि मग उलट उत्तरेकडे चालत येताना दिवसभर फोटो काढले. शंभरहून जास्त. मात्सुशिगेंचे पाच आणि यामाहातांचे शंभरावर, या आकड्यांवरून कुणी एकाला संवेदनशील आणि दुसऱ्याला निर्ढावलेला ठरवू नये. एकाचे स्वतःचे गाव जळत होते. दुसरा बाहेरून आलेला, कामावर पाठवलेला, युद्धाला सरावलेला होता. आपण त्या दिवशी अगदी शांत होतो, असे यामाहातांनी पुढे स्वतःच लिहिले. समोरचे इतके प्रचंड होते की ते मनात शिरतच नव्हते, असा त्याचा उलगडाही त्यांनी केला.

त्या फोटोंतला एक फार गाजला. जाड कापडाची टोपी डोक्यावर, गालावर जखमा, हातात भाताचा गोळा धरलेला एक लहान मुलगा. शेजारी त्याची आई, तिच्याही हातात तसाच गोळा. मदतपथकाने वाटलेले ते अन्न. मुलगा खात नाही. गोळा धरून समोर पाहतो आहे. १९५५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 'फॅमिली ऑफ मॅन' हे प्रदर्शन भरले, त्यात त्या मुलाचा फोटो होता. दुसरा फोटो मिचिनोओ स्थानकाजवळचा: चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा असलेली एक आई मदतीची वाट पाहत बाळाला अंगावर पाजते आहे. लष्कराला हवा होता तो प्रचार या फोटोंतून झालाच नाही, कारण पाच दिवसांत सम्राटांनी शरणागती जाहीर केली. आपले फोटो लढाई लांबवायला वापरले गेले नाहीत, याचे यामाहातांना समाधान होते. काही फोटो ऑगस्ट संपायच्या आत जपानी वर्तमानपत्रात छापूनही आले.

मग दार बंद झाले. सप्टेंबरात अमेरिकी फौजांचा अंमल सुरू झाला आणि १९ सप्टेंबरला वृत्तपत्रांसाठी नियमावली निघाली. तिच्यात अणुबॉम्बचा नावानिशी उल्लेख नव्हता. दोस्त राष्ट्रांविषयी विध्वंसक टीका नको, सार्वजनिक शांतता बिघडेल असे काही नको, अशी मोघम कलमे होती. मोघम कलमांचा जाच जास्त असतो, कारण काय चालेल हे कुणालाच ठाऊक नसते. अणुबॉम्ब आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून नाही, असे एका राजकीय नेत्याचे मत छापल्याबद्दल 'असाही शिम्बुन' दोन दिवस बंद ठेवण्यात आला, तो याच सुमाराला. दुसरीकडे जपानी वरिष्ठही घाबरले होते. युद्धकाळातले कागद सगळीकडे जाळले जात होते, त्यात निगेटिव्हही जाळून टाका, असे सांगितले गेले.

या इतिहासात मला सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो इथे नाही म्हणणाऱ्या माणसांचा. 'असाही'च्या ओसाका कचेरीतले हाजिमे मियाताके बॉम्बनंतर काही दिवसांतच हिरोशिमात पोचले होते. निगेटिव्ह जाळायचा आदेश आल्यावर त्यांनी त्या घरी नेऊन लपवल्या. त्याच वृत्तपत्राच्या एइची मात्सुमोतो यांनी आपल्या निगेटिव्ह कचेरीतल्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. नागासाकीतल्या एका भिंतीवर उमटलेली शिडीची आणि शेजारी उभ्या माणसाची सावली त्यांनी टिपली होती. त्यांनी भाषण केले नाही की पत्रक काढले नाही. नोकरी करत राहिले आणि वस्तू जागच्या जागी राहू दिली. यामाहातांनीही आपल्या निगेटिव्ह हातच्या जाऊ दिल्या नाहीत.

चलचित्रांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. निप्पोन एइगाशा या वृत्तपट संस्थेचे पथक शास्त्रज्ञांबरोबर दोन्ही शहरांत चित्रण करत होते. त्यांच्यासोबत शुन्किची किकुची आणि शिगेओ हायाशी हे छायाचित्रकार होते. किकुचींनी इस्पितळांतले रुग्ण आणि डॉक्टर टिपले. हायाशींनी एका उंच इमारतीच्या गच्चीवरून चारही दिशा टिपत ओसाड झालेले हिरोशिमा एका पट्ट्यात बसवले. ऑक्टोबरात नागासाकीत अमेरिकी लष्करी पोलिसांनी पथकातल्या एका कॅमेरामनला पकडले आणि चित्रण थांबवायला लावले. नंतर अमेरिकनांनाच त्या चित्रणाचा उपयोग दिसला, तेव्हा ते त्यांच्या देखरेखीखाली पुरे झाले. पावणेतीन तासांचा तो पट १९४६ मध्ये अमेरिकेला गेला आणि गोपनीय ठरला. सगळे साहित्य जमा करा असा हुकूम होता. पथकातल्या काहींनी एक प्रत बाजूला काढून फिल्म प्रयोगशाळेच्या छतात दडवली. पकडले गेले असते तर शिक्षा नक्की होती.

अमेरिकी सरकारचे स्वतःचे फोटो होतेच. बॉम्बफेकीच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या त्यांच्या पथकाने पूल, कारखाने, काँक्रीटच्या भिंती काळजीपूर्वक टिपल्या: किती अंतरावर कोणते बांधकाम टिकले, कोणते वाकले. त्या फोटोंत माणूस सहसा मोजमापापुरता उभा असतो. इमारतींच्या जखमा बघायला त्यांना वेळ होता, आणि त्या चित्रणावर बंदी घालायचे कुणाच्या मनात आले नाही.

हिरोशिमाच्या एका सायंदैनिकाने १९४६ च्या जुलैत मात्सुशिगेंचे फोटो छापले होते. पण देशाने आणि जगाने ते पाहिले सहा वर्षांनी. एप्रिल १९५२ मध्ये परकी अंमल संपला आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला 'असाही ग्राफ' या सचित्र नियतकालिकाचा खास अंक निघाला. हातोहात संपला, पुन्हा पुन्हा छापावा लागला, खप सात लाखांच्या घरात गेला. सप्टेंबरच्या अखेरीस अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाने मात्सुशिगे आणि यामाहाता यांचे फोटो छापले. यामाहातांचे नागासाकीवरचे पुस्तकही त्याच वर्षीचे. सात वर्षांत काय काय होऊन गेले होते! सोव्हिएत रशियाने आपला बॉम्ब फोडला होता, कोरियात युद्ध चालू होते, आणि त्या नोव्हेंबरात अमेरिका हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेणार होती. अणुशस्त्रे ठेवायची की नाही हा वाद ज्या वर्षांत खरोखर व्हायला हवा होता, नेमक्या त्या वर्षांत लोकांसमोर ढग होता आणि मियुकी पूल नव्हता. फोटो वेळेवर छापले गेले असते तर शस्त्रस्पर्धा थांबली असती, असा दावा मी करणार नाही. पण लोकांना निदान समोर काय आहे ते पाहून मत बनवता आले असते. तो हक्क त्यांच्याकडून काढून घेतला गेला.

अमेरिकी लष्कराने १९४६ मध्ये रंगीत फिल्मवर केलेले चित्रण तर आणखी दशके बंद राहिले. त्यात नागासाकीजवळच्या ओमुरा इस्पितळात जानेवारीत टिपलेला एक मुलगा आहे, पालथा पडलेला, सगळी पाठ लाल मांस झालेली. सुमितेरु तानिगुची हे त्याचे नाव. सोळा वर्षांचा टपालवाला, सायकलवरून पत्रे वाटत असताना स्फोटकेंद्रापासून १.८ किलोमीटरवर भाजला. एक वर्ष नऊ महिने त्याला पालथेच पडून राहावे लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी नागरिकांनी अमेरिकी अभिलेखागारातून ही फिल्म विकत घ्यायला वर्गणी काढली. एकेकाने दहा फुटांचे पैसे द्यायचे. दहा फूट म्हणजे पडद्यावर सुमारे सतरा सेकंद. स्वतःच्या शहराचे चित्र परत मिळवायला लोक सेकंदाच्या हिशेबाने पैसे भरत होते. तानिगुची पुढे आयुष्यभर तो फोटो हातात धरून बोलत राहिले. २०१० मध्ये न्यूयॉर्कला अण्वस्त्र प्रसारबंदी कराराच्या आढावा परिषदेतही त्यांनी तो उंचावून दाखवला. २०१७ मध्ये ते वारले.

फोटो कुणी, कुठे, केव्हा काढला हे सांगण्याचा आग्रह मी का धरतो, त्यालाही कारण आहे. २००८ साली हिरोशिमातल्या प्रेतांचे म्हणून काही 'अप्रकाशित' फोटो अमेरिकेतल्या एका संग्रहातून पुढे आले आणि युरोपातल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी ते छापले. थोड्याच दिवसांत कळले की ते १९२३ च्या कांतो भूकंपाचे आहेत. ज्या इतिहासकाराने ते पुढे आणले होते त्याने चूक कबूल केली, पण चित्रे पसरून गेली होती. अशी एक चूक झाली की खऱ्या फोटोंवर शंका घेणाऱ्यांना निमित्त मिळते. म्हणून मात्सुशिगेंच्या फोटोंची नोंद पाहिली की बरे वाटते: कॅमेरा माहीत, वेळ माहीत, अंतर माहीत, आणि फोटोतली माणसेही ओळखीची.

मियुकी पुलाच्या पहिल्या फोटोत बसलेला एक तरुण म्हणजे आपणच, असे सुनाओ त्सुबोई यांनी ओळखले. तेव्हा ते वीस वर्षांचे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी. स्फोटकेंद्रापासून १.२ किलोमीटरवर भाजले आणि कसेबसे पुलापर्यंत आले. आता मरणार, असे वाटून त्यांनी खड्याने जमिनीवर लिहिले होते की त्सुबोई इथे मेला. पुढे ते गणिताचे शिक्षक झाले, अणुबॉम्बग्रस्तांच्या देशव्यापी संघटनेचे नेते झाले, २०१६ मध्ये ओबामा हिरोशिमाला आले तेव्हा त्यांच्याशी बोलले. फोटोत नसलेली एक गोष्ट ते नेहमी सांगत. पुलाशी लष्कराचा ट्रक आला आणि त्यावर फक्त तरुण पुरुषांना चढू देत होते, कारण युद्धाला तेच उपयोगाचे. सात-आठ वर्षांची एक मुलगी चढू लागली, तिच्यावर शिपाई खेकसला आणि ती रडत आगीच्या दिशेने पळत गेली. तिला थांबवायला अंगात बळ नव्हते, हे सांगताना इतक्या वर्षांनंतरही त्यांचा आवाज कापायचा. त्सुबोईंना त्या ट्रकवर जागा मिळाली. पुढे ते बेशुद्ध पडले, ते महिन्याहून अधिक काळ. शुद्धीवर आल्यावर आईने युद्ध संपल्याचे सांगितले, तेव्हा त्यांना ते खरे वाटेना.